तांब्याचा कस, माणसाचा कस

बँकेत असताना सोनेतारण कर्जाचे टेबल काही वर्षे माझ्याकडे होते. गिऱ्हाईक दागिना पुढे ठेवी. बँकेचा सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर तो घासून पाही आणि वजन व कस लिहून चिठ्ठीवर सही करी. त्या सहीवर आम्ही कर्ज देत असू. मला सोन्यातले कळत नव्हते, माझ्या साहेबांनाही कळत नव्हते. सगळा व्यवहार एका माणसाच्या नजरेवर आणि सचोटीवर उभा होता. निवृत्तीनंतर जुन्या नाण्यांविषयी वाचू लागलो तेव्हा विल्यम हर्बर्ट शेल्डन या अमेरिकन विद्वानाची हकिकत समोर आली आणि आमचा तो सराफ आठवला. सराफाकडे नजर होती आणि सचोटीही होती. शेल्डनकडे यातली पहिली गोष्ट अलौकिक होती.

शेल्डनचा जन्म १८९८ साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या वॉरविक येथे झाला. शिकागो विद्यापीठातून त्याने मानसशास्त्राची डॉक्टरेट घेतली आणि पुढे वैद्यकीची पदवीही मिळवली. माणसाच्या शरीराच्या ठेवणीवरून त्याचा स्वभाव सांगता येतो, असे त्याने मांडले. गोलसर अंगाचा एन्डोमॉर्फ, पिळदार अंगाचा मेसोमॉर्फ आणि किडकिडीत अंगाचा एक्टोमॉर्फ ही नावे आपल्याकडच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही परीक्षेसाठी पाठ केली आहेत. ती शेल्डनची. प्रत्येक माणसाला तो या तीन बाबतींत एक ते सात असे गुण देई. त्यासाठी अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांतल्या हजारो विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे अभ्यासली गेली. १९९५ साली वृत्तपत्रांतून हे प्रकरण नव्याने गाजले, तेव्हा त्या पिढीतल्या अनेक प्रतिष्ठितांची झोप उडाली. आज तो सिद्धान्त शास्त्र म्हणून कोणी मानत नाही. मात्र माणसाला आकड्यात बसवणाऱ्या याच गृहस्थाने तांब्याच्या नाण्यांनाही आकड्यात बसवले, आणि ते आकडे मात्र टिकले.

ही नाणी म्हणजे अमेरिकेचे जुने सेंट. १७९३ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत ती पाडायला सुरुवात झाली. शुद्ध तांब्याची ही जाडजूड नाणी सुरुवातीला आपल्या जुन्या रुपयाहूनही वजनदार होती. त्या काळी साचे हाताने कोरले जात, त्यामुळे एक साचा दुसऱ्यासारखा नसे. कुठे केसांची बट वेगळी, तर कुठे तारखेचा आकडा थोडा तिरपा. १७९३ ते १८१४ या काळातल्या सेंटांचे असे जवळजवळ तीनशे प्रकार अभ्यासकांनी वेगळे काढले आहेत.

तांबे हा मोठा हळवा धातू. सोने शतकानुशतके तसेच राहते. तांबे मात्र हवेने, घामाने, दमट भिंतीनेसुद्धा बदलते. टाकसाळीतून लालबुंद निघालेले नाणे हळूहळू तपकिरी होते, पुढे काळवंडते, कुठे हिरवट कीड धरते. हौसेने कोणी ते चिंचेने घासून लखलखीत केले की संपले. जाणकाराच्या लेखी त्याची किंमत तिथेच घसरते. म्हणून अशा नाण्याची प्रत ठरवताना झीज किती, ठसा कसा उठला आहे, रंग मूळचा आहे की आणलेला, पृष्ठभागावर खड्डे-ओरखडे किती, हे सारे पाहावे लागते. दोन अनुभवी माणसांचेही त्यात मतभेद होतात.

या गोंधळाला शेल्डनने १९४९ साली अर्ली अमेरिकन सेंट्स या पुस्तकातून शिस्त लावली. १९५८ साली त्याची सुधारित आवृत्ती पेनी व्हिम्सी या नावाने निघाली. जेमतेम ओळखू येणारे नाणे एक अंकाचे आणि टाकसाळीतून आताच निघाल्यासारखे निर्दोष नाणे सत्तर अंकांचे, अशी त्याची मोजपट्टी होती. तिच्यामागे निव्वळ बाजारभाव होता. १७९४ च्या सेंटची अगदी झिजलेली प्रत तेव्हा सुमारे एक डॉलरला जाई, तर सर्वोत्तम प्रत सत्तर डॉलरच्या घरात. म्हणून प्रत्येक प्रकाराची एक मूळ किंमत धरायची आणि तिला प्रतीच्या अंकाने गुणायचे, की भाव निघाला. बँकेतल्या माणसाला हे कोष्टक फारच भावते.

पण बाजार गुणाकाराने चालत नाही. उत्तम प्रतींचे भाव थोड्याच वर्षांत असे चढले की गणित मोडून पडले. अंक मात्र उरले. १९७७ साली अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने सर्वच नाण्यांसाठी हीच पट्टी स्वीकारून मानके प्रसिद्ध केली. त्याच वर्षी शेल्डन वारला. १९८६ पासून तर पारखी कंपन्या नाणे प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून वर अंक छापून देऊ लागल्या. २०१२ साली १७९३ चा एक सेंट १३ लाख ८० हजार डॉलरला विकला गेला. अशा सौद्यात वरच्या पायरीवरच्या एका अंकाची किंमत एखाद्या घराएवढी असू शकते.

किंमत ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे नाण्याची वंशावळ. ते कोणाकोणाच्या संग्रहातून आले, कोणत्या लिलावात गेले, याची नोंद. वंशावळीमुळे नाणे अस्सल असल्याची खात्री पटते आणि मान्यवर पारख्यांनी ते पूर्वी पसंत केले होते हेही कळते. प्रत्येक प्रकाराच्या सर्वोत्तम ज्ञात सहा प्रतींची गणती मांडण्याची प्रथा शेल्डननेच रूढ केली. अमुक नाणे शेल्डनच्या संग्रहातले आहे, एवढे म्हटले की भाव चढे.

आणि इथेच त्याची चोरी उघडी पडली. जॉर्ज क्लॅप या पिट्सबर्गच्या उद्योगपतीने १९३७ साली आपला सेंटांचा नामांकित संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दान केला होता. शेल्डन पुढे न्यूयॉर्कमध्येच कोलंबिया विद्यापीठात होता. एवढा मोठा तज्ज्ञ अभ्यासाला येतो म्हटल्यावर कोण संशय घेणार? संग्रहातली सरस नाणी काढून त्या जागी त्याच प्रकारची, त्याच सालाची निरस नाणी ठेवण्याचे काम त्याने बिनबोभाट केले. अशी शंभराहून अधिक नाणी बदलली गेली. मोजदाद केली असती तरी संख्या बरोबर भरली असती. १९७२ साली त्याने आपला संग्रह कॅलिफोर्नियातल्या एका बड्या संग्राहकाला विकला.

हे सिद्ध कसे झाले? क्लॅपच्या नाण्यांची जुनी छायाचित्रे होती. तांब्यावरचा बारीकसा ओरखडा, डाग, कडेवरची चेप बोटांच्या ठशासारखी असते. दोन नाण्यांवर ती सारखी नसते. छायाचित्रातले नाणे दानाच्या खणात नव्हते. ते विकल्या गेलेल्या संग्रहात होते. प्रकरण कोर्टात गेले. चोरीला इतकी वर्षे झाली, मुदत संपली, असा खरेदीदाराचा बचाव होता. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ठरवले की मुदत चोरीच्या दिवसापासून धरायची नाही. मूळ मालकाला चोरी कळली तेव्हापासून धरायची. अखेर निकाल संस्थेच्या बाजूने लागला. शेल्डनला मात्र जाब विचारायला कोणी उरले नव्हते.

आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, दोघा अधिकाऱ्यांकडे एकेक. एकट्याने आत जायचे नाही, मग तो मॅनेजर का असेना. तरुणपणी मला हा नियम अपमानास्पद वाटे. आपल्यावर विश्वास नाही असे वाटे. शेल्डनची कथा वाचल्यावर कळले, की तो नियम चोरासाठी नव्हताच. ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे, त्याच्यासाठी तो होता. सोसायटीच्या त्या खणाला दुसरी किल्ली असती, तर कदाचित शेल्डन केवळ एक थोर पारखी म्हणून स्मरणात राहिला असता.

त्याची पट्टी मात्र आजही चालते आहे. जगभरात रोज कोणी ना कोणी नाणे भिंगाखाली धरून एक ते सत्तरमधला आकडा ठरवतो. त्या आकड्याखाली कोणाची तरी सही असते, आणि त्या सहीचा कस पाहण्यासाठी कसोटीचा दगड अजून कोणी शोधलेला नाही.