बर्फाच्या मुलखातील धर्मगुरू

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला लार्स लेवी लेस्टाडियस यांची आठवण झाली. नाव आपल्या कानांना अनोळखी आहे. परंतु स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड या देशांत ते घरोघरी ठाऊक आहे. परधर्माच्या आणि परदेशाच्या या माणसाची कथा आपल्या मंडळात का सांगावी, हे वाचक भगिनींना शेवटी आपोआप उमजेल.

स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील लॅपलंड भागात १० जानेवारी १८०० रोजी त्यांचा जन्म झाला. हिवाळ्यात तिकडे दिवस नावालाच उजाडतो. रेनडिअर हरणांचे कळप पाळणारे सामी लोक हे तेथील मूळ रहिवासी. लेस्टाडियस यांच्या घरातही सामी रक्त होते आणि सामी बोली त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत होती. वडील दारूच्या आहारी गेलेले. घरात सदैव ओढग्रस्त. आई अन्ना माग्दालेना हिने सारे मुकाट्याने सोसले. तिचे सोसणे हा मुलगा जन्मभर विसरला नाही. पुढे धर्मगुरू असलेल्या सावत्र भावाने लार्स आणि धाकटा पेत्रुस यांना आपल्या घरी नेऊन शिकविले, म्हणून त्यांचे शिक्षण झाले.

१८२० मध्ये ते उप्साला विद्यापीठात गेले. वनस्पतिशास्त्राची त्यांना विलक्षण गोडी होती. लॅपलंडचे डोंगर पायी तुडवून त्यांनी हजारो वनस्पती गोळा केल्या. एका रानटी खसखशीच्या जातीला तर पुढे त्यांचेच नाव मिळाले. १८२५ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि १८२६ पासून कारेसुआंदो या दूरच्या गावी ते धर्मगुरू झाले. ब्रिटा काईसा ही त्यांची पत्नी. मुलाबाळांचा मोठा संसार तिने त्या थंडीत सांभाळला. १८३८ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञांची मोहीम उत्तरेकडे आली, तेव्हा त्यांनी तिला साह्य केले आणि फ्रान्सने त्यांचा सन्मान केला.

इतकी विद्वत्ता आणि मान असूनही त्यांच्या गावात काय चालले होते? व्यापारी दारू घेऊन येत, सामी पुरुषांना पाजत आणि कातडी व हरणे कवडीमोलाने नेत. मागे बायकामुले उपाशी राहत. लेस्टाडियस दर रविवारी प्रवचन करीत. लोक ऐकत आणि पुन्हा पिऊ लागत. अशातच १८३९ मध्ये त्यांचा लहानगा लेवी वारला. पुढे ते स्वतःही मोठ्या दुखण्यातून उठले. आपण लोकांना जे सांगतो ते आपल्याच अंतःकरणात उतरले आहे काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला.

१८४४ च्या आरंभी दौऱ्यावर असताना ओसेले येथे एक गरीब सामी स्त्री त्यांना भेटली. ती घरोघरी जमून धर्मग्रंथ वाचणाऱ्या मंडळींपैकी होती. तिने आपल्या आयुष्यातील दुःख आणि त्यातून लाभलेली श्रद्धा साध्या शब्दांत सांगितली. विद्यापीठात शिकलेला तो धर्मगुरू तिच्यापुढे विद्यार्थ्यासारखा बसला. आपल्या धर्मजीवनाची खरी सुरुवात त्या दिवशी झाली, असे ते पुढे मानीत.

त्यानंतर त्यांची वाणी पालटली. सामी आणि फिनिश भाषांत, हरणांच्या आणि चुलीच्या दाखल्यांनी, ते बोलू लागले. लोकांनी दारू सोडली. चोरीचा माल परत केला. १८४८ च्या सुमारास त्यांनी शाळा सुरू केल्या आणि युहानी राट्टामा यांच्यासारख्या साध्या माणसांना शिक्षक नेमले. १८४९ मध्ये ते पायाला येथे गेले. १८५२ ते १८५४ या काळात त्यांनी धर्मविषयक नियतकालिक चालविले. त्यांची प्रवचने आजतागायत भाविक वाचतात.

परंतु या ज्योतीचा एकदा भडकाही उडाला. नोव्हेंबर १८५२ मध्ये नॉर्वेतील काउतोकेइनो येथे धर्मावेशाने पेटलेल्या काही सामींनी दारूविक्या व्यापारी आणि सरकारी अंमलदार यांना ठार मारले. १८५४ मध्ये दोघांना मृत्युदंड झाला. लेस्टाडियस तेथे नव्हते, तरी दोषाचे बोट त्यांच्याकडे वळले. त्यांचे शब्द फार जहाल असत, हे मलाही नाकारता येत नाही. गावातही विरोध वाढला आणि १८५३ मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रार्थना वेगळ्या घेण्याचा हुकूम झाला. २१ फेब्रुवारी १८६१ रोजी पायाला येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा पंथ पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचला.

आपल्या लिखाणात त्यांनी त्या सामी स्त्रीला केवळ मारिया म्हटले. तिचे खरे नाव मिला क्लेमेन्ट्सदोतेर, हे पुढे संशोधकांनी शोधून काढले. भगिनींनो, दारूचे ओझे कोणाच्या डोक्यावर येते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मंडळात एखादी कमी शिकलेली बाई चाचरत बोलायला उभी राहते, तेव्हा मला मिला आठवते. तिचे ऐकून घेणारा कोणीतरी असावा लागतो. या थोर पुरुषाचे मोठेपण मला त्या ऐकून घेण्यातच दिसते.