झाशीच्या राणीचे वकील जॉन लँग

झाशी म्हटले की घोड्यावर स्वार झालेली, पाठीशी मूल बांधलेली राणी लक्ष्मीबाई आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु तलवार उपसण्याआधी नेवाळकरांची ही विधवा सून अर्ज, तहनामे व कायदा एवढीच शस्त्रे घेऊन लढली होती, याचा आपणांस विसर पडतो. त्या लढ्यात तिचे वकीलपत्र घेणारे गृहस्थ राज्यकर्त्यांच्याच जातकुळीचे होते. त्यांचे नाव जॉन लँग.

लँग यांचा जन्म १८१६ साली ऑस्ट्रेलियातील पॅरामॅटा येथे झाला. त्यांचे आजोबा इंग्लंडहून हद्दपार होऊन तेथे आलेले कैदी होते. केंब्रिजमधून लँग यांची हकालपट्टी झाली. पुढे लंडनला ते बॅरिस्टर झाले आणि १८४२ साली हिंदुस्थानात आले. ते साधुपुरुष नव्हते. जीभ तिखट, मद्याची आवड मोठी. चरित्रनायक निर्दोषच असावा असा आपला आग्रह असतो, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

त्या काळचा कंपनीचा कारभार आपण ध्यानात घ्यावा. निवडणूक नाही, प्रजेचा प्रतिनिधी नाही. गव्हर्नर जनरलचा शब्द तोच कायदा. मोकळ्या वाटा तीनच होत्या : न्यायालय, वर्तमानपत्र आणि विलायतेस पाठवायचा अर्ज. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आदी मंडळींनी १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापून तिसरी वाट चोखाळली. लँग यांनी तर तिन्ही वाटा तुडवल्या. १८४५ साली त्यांनी ‘मोफस्सिलाइट’ हे पत्र काढले व कंपनीच्या अधिकाऱ्यांवर कोरडे ओढण्यास आरंभ केला. कंपनीच्या फौजांना युद्धात रसद पुरविणारे लाला ज्योतिप्रसाद यांची बिले चुकती करण्याऐवजी सरकारने त्यांच्यावरच लबाडीचा खटला भरला, तेव्हा १८५१ साली आग्र्यास लँग त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ज्योतिप्रसाद निर्दोष सुटले. बदनामीच्या एका खटल्यात मात्र स्वतः लँग यांना कलकत्त्यास तुरुंगवास घडला.

ज्योतिप्रसादांना सोडविणाऱ्या या वकिलाला राणीने बोलावले. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतला व दुसऱ्याच दिवशी ते वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क खाजगी मालमत्तेपुरता मानला, गादीपुरता मानला नाही, आणि १८५४ च्या आरंभी झाशी खालसा केली. पवित्र शास्त्राच्या भाषांतरात ‘दत्तकपण’ या शब्दापाशी मी अनेकदा थबकलो आहे. पौलाच्या रोमी जगात दत्तक पुत्र हा पुरता पुत्र, पुरता वारस असे. त्या अर्थावरच प्रेषिताचा सारा युक्तिवाद उभा आहे. रविवारी तो वाचून घेणाऱ्या राज्यकर्त्यांनी दामोदररावाला अर्धा पुत्र ठरवावे, हे मला आजही खटकते.

१८५४ साली लँग आग्र्याहून ग्वाल्हेरमार्गे झाशीस गेले. सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेले निमंत्रण, वाटेसाठी राणीने धाडलेली गाडी, आमराईतील तंबू, मग हत्तीवरून वाड्यापर्यंतची मिरवणूक, हे सारे त्यांनी हौसेने लिहून ठेवले आहे. भेट रात्री झाली. मध्ये पडदा होता. बाळ दामोदराने तो ओढला आणि लँग यांना राणीचे क्षणभर दर्शन घडले. झाशी न देण्याचा तिचा जो निर्धार आज शाळेतले पोरही घोकते, त्याची लेखी नोंद आपल्याला मिळते ती लँग यांच्यामुळे. त्यांचा सल्ला मात्र सावध वकिलाचा होता : आता निर्णय गव्हर्नर जनरलच्या हाती उरलेला नाही, तो विलायतेस होईल, तोवर निषेध नोंदवून पेन्शन घ्यावे. राणीने ते त्या वेळी साफ नाकारले. अर्ज मात्र गेला. १८१७ च्या तहात वारसांना दिलेले अभिवचन व शेजारच्या संस्थानांतील दत्तकांचे दाखले राणीच्या बाजूने होते, आणि कंपनीचाच अधिकारी मेजर एलिस तिला अनुकूल होता. तरीही लंडनच्या संचालकांनी डलहौसीचाच निर्णय कायम ठेवला.

त्यानंतर जे घडले ते आपण जाणता. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या झोकनबागेत स्त्रियामुलांसह सुमारे साठ ख्रिस्ती जिवांची कत्तल झाली. त्यात राणीचा हात होता की नव्हता, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. कॅनिंगने त्याच महिन्यात छापखान्यांवर परवान्याचा कायदा लादला. वर्तमानपत्रांची वाटही आवळली गेली. १८५८ च्या जूनमध्ये राणी ग्वाल्हेरजवळ रणांगणात पडली.

इंग्रजी समाजात तिचे नाव शिवीसारखे उच्चारले जात असता, १८५९ साली लँग यांनी आपल्या प्रवासवर्णनात तिला हुशार, मानी व अन्याय झालेली स्त्री म्हणून रंगविले. माझ्या मते न्यायालयात उभे राहण्यापेक्षा याला अधिक छाती लागली असेल. त्यांना फी मिळावयाची नव्हती, अशील हयात नव्हते.

दत्तकाचा प्रश्न पुढे सरकारने संस्थानिकांना सनदा देऊन त्यांच्याच बाजूने मिटविला. झाशी मात्र परत मिळाली नाही. २० ऑगस्ट १८६४ रोजी मसुरीस लँग वारले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. त्यांची कबर शंभर वर्षे झाडाझुडपांत हरवली होती. १९६४ साली लेखक रस्किन बाँड यांना ती मसुरीच्या कॅमल्स बॅक रस्त्यावरील ख्रिस्ती दफनभूमीत सापडली.