द्राक्षमळ्यातील माँटेस्क्यू

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला माँटेस्क्यू परिचित असतो तो सत्ताविभाजनाच्या सिद्धान्ताचा प्रवर्तक म्हणून. हा विचारवंत एक जातिवंत द्राक्षबागाईतदार होता, याचे स्मरण मात्र क्वचितच ठेवले जाते.

बोर्दोनजीकच्या ला ब्रेद येथील गढीत १६८९ मध्ये त्याचा जन्म झाला. १७१६ मध्ये चुलत्याच्या निधनानंतर बोर्दोच्या उच्च न्यायालयातील एक अध्यक्षपद त्याच्याकडे वारशाने आले. परंतु न्यायासनापेक्षा त्याचे मन ग्रंथांत आणि मळ्यांत अधिक रमे.

त्या परिसरातील ग्राव्ह भागाची जमीन वाळू-गोट्यांची. तीत धान्य नीट पिकत नाही. पण पाण्याचा निचरा झपाट्याने होतो आणि दगड दिवसाची ऊब धरून ठेवतात. तेथील तांबडी वाइन प्रारंभी तुरट व काहीशी कठोर लागते. ओकच्या पिंपात मुरल्यावर तिला मार्दव येते. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनला जकातीत एक-तृतीयांश सवलत मिळाली होती. तरीही इंग्लंडमधील धनिक बोर्दोच्या उंची वाइनला चढा भाव देत.

अशा वेळी २७ फेब्रुवारी १७२५ रोजी राजाच्या मंत्रिमंडळाने त्या प्रांतात नव्या द्राक्षवेली लावण्यास बंदी केली. धान्य कमी पडेल आणि वाइनचे भाव कोसळतील, ही त्यामागची भीती. माँटेस्क्यूने तर त्याच वर्षाच्या अखेरीस पेसाक येथे पडीक माळ विकत घेतला होता. त्याने लागवडीची परवानगी मागितली आणि बंदीविरुद्ध एक निवेदनच सादर केले. कोणत्या जमिनीत कोणते पीक परवडते हे मंत्र्यापेक्षा मालकाला अधिक कळते. परदेशी गिऱ्हाइकांच्या रुची बदलतात, त्यांनुसार उत्पादनही बदलले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रांताधिकारी बूशे याला तो पटला नाही. बंदी कायम राहिली. इतकेच नव्हे, तर १७३१ मध्ये ती साऱ्या फ्रान्सला लागू झाली.

या वादात माँटेस्क्यूचा स्वार्थ गुंतलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जुन्या मळ्यांचा मालक या नात्याने बंदीचा लाभही त्यालाच होणार होता. नव्या लागवडीवर निर्बंध घातले की प्रस्थापितांचे भाव टिकतात, हा नियम कोणत्याही परवाना-व्यवस्थेला लागू पडतो.

१७२८ ते १७३१ या काळात त्याने युरोपचा प्रवास केला. इंग्लंडची राज्यव्यवस्था जवळून पाहिली. १७४८ मध्ये त्याचा कायद्याच्या तत्त्वांवरील महाग्रंथ जिनीव्हात प्रसिद्ध झाला. कायदे हे देशाचे हवामान, भूमी आणि व्यापार यांच्याशी सुसंगत असले पाहिजेत, हे त्याचे एक प्रमुख सूत्र. ग्रंथाच्या इंग्लंडमधील कीर्तीने आपल्या वाइनचा खपही वाढला, याचे त्याला मोठे समाधान वाटे.

दृष्टी जवळजवळ गमावलेल्या अवस्थेत १७५५ मध्ये पॅरिस येथे त्याचा अंत झाला. जमिनीचा गुण न पाहता केलेला कायदा कसा असतो, हे त्याने केवळ ग्रंथांतून जाणले नव्हते. स्वतःच्या पडीक माळावर उभे राहून ते अनुभवले होते.