बेळगावचे सायकलवाले लक्ष्मणराव

किर्लोस्कर हे नाव आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांधावर कुणाला माहीत नाही? विहिरीवरचे ऑइल इंजिन म्हटले की तेच नाव आठवते. पावसाने दडी मारली आणि तलावाचे पाणी पुरेनासे झाले की इंजिनाची धडधड ऐकण्यासाठी शेतकऱ्याने कान टवकारलेले असतात. या नावाची पहिली पाटी मात्र इंजिनाच्या कारखान्यावर लागली नव्हती, की नांगराच्याही. ती लागली बेळगावात एका सायकलच्या दुकानावर, १८८८ साली. दुकानाचे मालक होते दोन भाऊ, रामूअण्णा आणि लक्ष्मणराव. धाकट्याचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एका छोट्याशा गावाने महाराष्ट्राला नाटक आणि नांगर दोन्ही द्यावेत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र पोथीत रमेना. त्याला चित्रे काढायची होती आणि यंत्रे उघडून पाहायची होती.

चित्रकलेसाठी तो मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंगांतला फरक त्याच्या डोळ्यांना कळत नव्हता. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याने चित्रकार व्हायचे तरी कसे? दुसरा एखादा हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाही, लागते ती अचूक नजर आणि स्थिर हात. त्याच बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथल्या कार्यशाळेत यंत्रांची ओळख हाताने करून घेता आली. पुस्तकात हे शिक्षण मिळत नाही.

सायकल त्यांना भेटली ती मुंबईच्या रस्त्यावर. आज सायकल म्हणजे शाळकरी पोरांचे आणि दूधवाल्याचे वाहन. तेव्हा ती एक नवलाई होती. दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली रोव्हर या नावाने बाजारात आली. त्याआधीची सायकल म्हणजे पुढचे चाक माणसाएवढे आणि मागचे ताटाएवढे. पडले तर थेट डोक्यावरच! हवेच्या टायरचे पेटंट डनलॉप यांनी घेतले तेच १८८८ साली. म्हणजे ज्या वर्षी बेळगावात दुकान उघडले, त्याच वर्षी सायकल आज आपण ओळखतो त्या रूपाला येत होती. इतक्या नव्या वस्तूवर पैसा लावणे हे धाडसच म्हणायचे.

दोघा भावांनी कामाची वाटणी सोपी केली. लक्ष्मणरावांनी नोकरी सांभाळून मुंबईत सायकली खरेदी करायच्या आणि बेळगावला रवाना करायच्या. रामूअण्णांनी त्या विकायच्या. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये होती. साध्या कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगारातही न मावणारी ही रक्कम. पण बेळगाव लष्करी छावणीचे गाव, त्यामुळे साहेब लोकांची आणि बड्या हुद्देदारांची तिथे वाण नव्हती. विकत घेतले तरी चालवता कुठे येत होते? म्हणून रामूअण्णा सायकल शिकवतही असत आणि शिकवणीचे पंधरा रुपये घेत. मला या सगळ्या हकिगतीत रामूअण्णाच अधिक आवडतात. इतिहास धाकट्याचे नाव घेतो, पण भरल्या अंगाच्या साहेबाला सीटवर बसवून मागून धरून पळणारा कुणीतरी असल्याशिवाय दुकान चालत नाही.

सायकल हे यंत्रच असे आहे की त्यात काही झाकलेले नसते. दात्यांची चक्री, साखळी, क्रँक, छर्रे, आरे असे सगळे डोळ्यांसमोर. चाकाचा आउट काढताना कोणता आरा किती ताणायचा, कॉटर पिन क्रँकमध्ये पाचर होऊन कशी बसते, छर्ऱ्यांना किती मोकळीक ठेवायची, हे ज्याला कळले त्याला यंत्रशास्त्राची बाराखडी आली. आपल्याकडच्या शिकल्या-सवरल्या घरांत तेव्हा लेखणी हा प्रतिष्ठेचा धंदा होता आणि पाना-हातोडी हलक्या माणसाची. त्या काळात शिक्षकी पेशातल्या माणसाने सायकलचे दुकान काढावे, ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही.

जाता जाता एक सांगतो. अनेक घरांच्या ओसरीवर, धानाच्या कोठीमागे आजोबांची काळी सायकल गंजत पडलेली असते आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. देण्याआधी ती वाचून पाहावी. हँडलखालचा पितळी बिल्ला आधी पाहा. पितळेच्या कामासाठी नाव असलेल्या भंडाऱ्याच्या लोकांना पितळेचा कस सांगायला नको. तीन बंदुकांचा बिल्ला असेल तर ती बी.एस.ए., म्हणजे मूळची बर्मिंगहॅमच्या बंदुकांच्या कारखान्याची. पुढच्या चक्रीत बगळ्याचे डोके कोरलेले असेल तर रॅले. पण बिल्ल्यावर एकदम विश्वास ठेवू नका. स्वातंत्र्यानंतर बी.एस.ए. मद्रासजवळ अंबत्तूरला आणि रॅले आसनसोलला तयार होऊ लागल्या. म्हणून सीटखालच्या नळीजवळ किंवा पायडलच्या दांड्याच्या खाली ठोकलेला क्रमांक शोधावा. मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर असतील तर हबच्या कवचावर बहुधा वर्षाचे दोन अंक सापडतात. झळाळी निळसर क्रोमची नसून पिवळट निकेलची असेल तर सायकल साधारण १९३० च्या आधीची समजायला हरकत नाही.

ओळख पटली की घाईने रंगवू नये. जुना रंग आणि त्यावरची सोनेरी रेघ एकदा गेली की परत येत नाही. रॉकेल, मऊ फडके आणि सबुरी यांनी पुष्कळ गंज निघतो. निकेलवर सॅंडपेपर मात्र कधीच लावू नये. कॉटर पिन काढताना क्रँकला खालून लाकडाचा आधार द्यावा, नाहीतर घणाचा मार छर्ऱ्यांवर बसतो. जुन्या रॅलेच्या पायडलदांड्याच्या पेटीला इंचाला सव्वीस आटे असतात, इतर इंग्रजी सायकलींना चोवीस. हे ठाऊक नसलेला मिस्त्री बाजारातला कप दामटून बसवतो आणि सत्तर वर्षे टिकलेली फ्रेम एका दुपारी नासते. अशा सायकली पुन्हा उभ्या करणारे लोक आपल्याकडे आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय २०१७ सालापासून लोकांना पाहायला मिळाले आहे. असो.

लक्ष्मणरावांची मुंबईतली नोकरी एका अन्यायाने सुटली. पदोन्नतीचा हक्क त्यांचा होता, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्यांनी भांडण केले नाही. राजीनामा दिला आणि बेळगावला दुकानात येऊन बसले. परक्यांच्या सायकली विकून पोट भरत होते, पण स्वतःचे काही बनवावे ही ओढ स्वस्थ बसू देईना. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले. मग १९०३ साली लोखंडी नांगर.

नांगर विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष भिनते, असा शेतकऱ्यांचा ठाम समज होता. सायकल शिकवता येते, समज कसा घालवायचा? तयार नांगर दोन वर्षे पडून राहिले. घरात पैसा नाही, गावात थट्टा, आणि तरीही या माणसाने भट्टी विझवली नाही. शेवटी काळ्या, खोल मुळांच्या जमिनीत नांगराचे काम शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा गिऱ्हाईक वळले. जम बसतो न बसतो तोच बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे जागा सोडण्याची पाळी आली. चाळिशीच्या उंबरठ्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मदतीला धावले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि त्यात साप! १९१० साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. वस्तीत शिवाशीव पाळायची नाही, हा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर राखणीचे काम सोपवण्याचा विश्वासही त्यांनी दाखवला. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

पुढची पिढी तयार होत होती. पुत्र शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकून आले. पुतणे शंकरराव यांनी वाडीतूनच किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही मासिके मराठी घराघरांत नेली. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनाची कंपनी स्थापन झाली. तिचीच इंजिने आपल्या बांधांवर आली.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा एकोणऐंशीव्या वर्षात होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि तो चाललेला त्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनला आता किर्लोस्करवाडी म्हणतात, आणि बेळगावात ज्या रस्त्यावर रामूअण्णांचे सायकलचे दुकान होते तो किर्लोस्कर रोड.