शांत स्वरांचा गायक

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील माँटगोमेरी शहरी १७ मार्च १९१९ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात नॅथॅनियल ॲडम्स कोल्स याचा जन्म झाला. हाच पुढे नॅट किंग कोल या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्या काळी त्या राज्यात गोऱ्यांच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नसे. गाडीतही त्यांची जागा निराळी असे. नॅट लहान असतानाच त्याचे कुटुंब उत्तरेकडील शिकागो शहरी राहावयास गेले.

नॅटचे वडील धर्मोपदेशक होते. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. पियानोचे पहिले धडे त्याला आईनेच दिले. अर्ल हाइन्स या थोर पियानोवादकास त्याने आदर्श मानले व अहोरात्र सराव केला.

१९३७ साली लॉस एंजेलिस येथे पियानो, गिटार व बास अशा तीनच वाद्यांचा एक वाद्यवृंद त्यांनी उभारला. ‘ओल्ड किंग कोल’ या इंग्रजी बालगीतावरून त्यांना ‘किंग’ हे नाव मिळाले. वडील प्रवचनात गिधाडाची व माकडाची एक गोष्ट सांगत. पाठीवर बसवून नेणाऱ्या लबाड गिधाडाला माकडाने कसे ताळ्यावर आणले, ही ती गोष्ट. तिच्यावर नॅटनी गीत रचले आणि १९४३ साली ते ध्वनिमुद्रित झाले. त्या गीताने त्यांना कीर्ती मिळाली. पियानोवादक म्हणून पुढे आलेले नॅट आता गायक म्हणून घरोघरी पोहोचले. ते कधी आवाज चढवीत नसत. स्पष्ट शब्दोच्चार आणि मृदू स्वर हेच त्यांचे वैभव होते.

परंतु ज्यांना त्यांचे गाणे हवे होते, त्यांतील अनेकांना त्यांचा शेजार नको होता. १९४८ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या गोऱ्या वस्तीत घर घेतले, तेव्हा रहिवाशांनी कडाडून विरोध केला. नॅट डगमगले नाहीत. ते त्याच घरात राहिले. १० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरी गात असताना काही गोऱ्यांनी रंगमंचावर चढून त्यांना खाली पाडले. त्याहून कठीण प्रसंग पुढेच होता. वर्णभेद पाळणाऱ्या सभागृहांत ते गातात, म्हणून स्वकीयांनीही त्यांना दोष दिला. त्यानंतर समान हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचे ते आजीव सभासद झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरचित्रवाणीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. कृष्णवर्णीय कलावंताला असा मान तेव्हा क्वचितच मिळे. अनेक नामवंत कलावंत अल्प मोबदल्यात त्यात गायले. तथापि देशभर खर्च उचलील असा एकही मोठा जाहिरातदार पुढे आला नाही. अखेर डिसेंबर १९५७ मध्ये तो बंद पडला.

जुलै १९६४ मध्ये सार्वजनिक स्थळी वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत झाला. त्याची फळे पाहण्यास नॅट फार काळ राहिले नाहीत. धूम्रपानाचे व्यसन त्यांना भोवले. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ फेब्रुवारी १९६५ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९९१ साली त्यांची कन्या नॅटली हिने पित्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला आपल्या स्वराची जोड दिली, आणि पिता व कन्या यांचे युगुलगीत लाखो श्रोत्यांनी ऐकले. ज्यांचा शेजार लोकांनी नाकारला, त्यांच्या स्वराला मात्र सर्वांच्या घरांत कायमचे स्थान मिळाले.