आयझॅक क्लाइन

आयझॅक मनरो क्लाइन (१३ ऑक्टोबर, १८६१:मॅडिसनव्हिल, टेनेसी, अमेरिका - ३ ऑगस्ट, १९५५:न्यू ऑर्लिन्स, लुईझियाना, अमेरिका) हे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ होते. ८ सप्टेंबर, १९०० रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहर उद्ध्वस्त करणारे चक्रीवादळ आले, त्या वेळी ते तेथील हवामान कार्यालयाचे प्रमुख होते. या वादळात त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. पुढे पाव शतक त्यांनी मेक्सिकोच्या आखातातील वादळांच्या वेळी समुद्राची पातळी कोठे, केव्हा आणि किती वाढते याच्या नोंदी जमवल्या. किनाऱ्यावरील पाण्याच्या चढत्या पातळीवरून वादळाचा मार्ग आधीच ओळखता येतो, हे त्यांनी या नोंदींच्या आधारे दाखवून दिले.

सुरुवातीचे जीवन

क्लाइन यांचा जन्म टेनेसीच्या पूर्व भागात मॅडिसनव्हिल गावाजवळ झाला. हायवासी कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर १८८२ मध्ये ते अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोरमध्ये दाखल झाले. त्या काळी देशाची हवामान सेवा याच दलाकडे होती. व्हर्जिनियातील फोर्ट मायर येथील प्रशिक्षणानंतर त्यांची नेमणूक आर्कान्सामधील लिटल रॉक येथे झाली. हवामानाचा माणसाच्या आरोग्यावर होणारा परिणाम हा त्यांच्या आवडीचा विषय होता. त्यासाठी त्यांनी नोकरी सांभाळून वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८८५ मध्ये पदवी मिळवली.

टेक्सासच्या अंतर्भागातील केंद्रांवर काम केल्यानंतर १८८९ मध्ये ते गॅल्व्हेस्टनला आले. तत्पूर्वी १८८७ मध्ये त्यांचा कोरा मे बॅल्यू यांच्याशी विवाह झाला होता. १८९१ मध्ये हवामान सेवा लष्कराकडून कृषी खात्याकडे गेली व तिला वेदर ब्यूरो हे नाव मिळाले. क्लाइन यांचे धाकटे बंधू जोसेफ हेही पुढे याच कार्यालयात त्यांच्या हाताखाली काम करू लागले.

१८९१ मधील लेख

गॅल्व्हेस्टन हे मुख्य भूमीपासून उथळ उपसागराने वेगळ्या झालेल्या एका लांब, अरुंद आणि वाळूच्या बेटावर वसले आहे. १९०० मध्ये शहरातील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून जेमतेम ८.७ फूट (सुमारे २.७ मीटर) होती. याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे भरभराटीचे बंदर १८७५ व १८८६ मधील चक्रीवादळांनी नष्ट केले होते आणि दुसऱ्या तडाख्यानंतर रहिवाशांनी ते कायमचे सोडले. त्यामुळे गॅल्व्हेस्टनला समुद्रभिंत बांधावी अशी मागणी होऊ लागली.

जुलै १८९१ मध्ये गॅल्व्हेस्टन डेली न्यूज या वृत्तपत्रातील लेखात क्लाइन यांनी ही भीती निराधार ठरवली. त्यांचा पहिला मुद्दा असा होता की वेस्ट इंडीजमधील वादळे निसर्गनियमाने उत्तरेकडे वळतात, त्यामुळे टेक्सासचा किनारा त्यांच्या वाटेत येत नाही. जी वादळे तेथे पोहोचली त्यांना त्यांनी अपवाद मानले. दुसरा मुद्दा समुद्रतळाचा होता. गॅल्व्हेस्टनसमोरील तळ फार हळूहळू उतरत जात असल्यामुळे मोठ्या लाटा दूरवरच फुटतील आणि शहराला त्यांचा धोका राहणार नाही, असे त्यांनी मांडले.

यातील दुसरा मुद्दा वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. खोल समुद्रात वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेले पाणी तळाशी परतीच्या प्रवाहाने मागे जाऊ शकते. उथळ उतारावर त्याला तशी जागा मिळत नाही आणि ते किनाऱ्याशी साचत जाते. म्हणूनच उथळ किनाऱ्यांवर वादळी उधाण सर्वाधिक उंच होते. वादळाच्या केंद्रातील कमी दाबामुळेही पाणी फुगते, पण १ मिलिबार दाब घटला तर पातळी सुमारे १ सेंटिमीटरच वाढते. त्या हिशेबाने गॅल्व्हेस्टनच्या १९०० मधील उधाणात कमी दाबाचा वाटा २ फुटांहूनही कमी येतो.

समुद्रभिंत झाली नाही ती केवळ या लेखामुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि, खर्चाला नाखूश असलेल्या शहराला सरकारी तज्ज्ञाचा निर्वाळा सोयीचा होता, यात शंका नाही.

१९०० चे चक्रीवादळ

सप्टेंबर १९०० च्या सुरुवातीस एक वादळ क्यूबा ओलांडून गेले. वॉशिंग्टनमधील वेदर ब्यूरोच्या अंदाजानुसार ते फ्लोरिडाकडून अटलांटिक किनाऱ्याकडे वळणार होते. हवानातील बेलेन वेधशाळेच्या निरीक्षकांना मात्र ते पश्चिमेकडे, आखातात जाईल असे वाटत होते. परंतु क्यूबातून हवामानविषयक तारा पाठवण्यावर अमेरिकी प्रशासनाने त्याच सुमारास निर्बंध घातले होते. ७ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या आदेशावरून गॅल्व्हेस्टनमध्ये वादळाचा बावटा चढवण्यात आला. अंदाज देण्याचा अधिकार त्या काळी स्थानिक कार्यालयांना नव्हता.

८ तारखेच्या पहाटे क्लाइन यांना एक विसंगती दिसली. वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्याने दक्षिण किनाऱ्यावरील पाणी मागे हटायला हवे होते, पण आग्नेयेकडून येणाऱ्या प्रचंड लाटांबरोबर ते वर चढत होते आणि शहराच्या सखल भागात शिरले होते. वायुदाबमापक अद्याप फारसा उतरला नव्हता. वादळापूर्वी दिसणारे विटकरी रंगाचे आकाशही दिसले नव्हते. क्लाइन यांनी लाटांमधील अंतराची वेळ मोजली आणि विरुद्ध वाऱ्यात पाणी इतके चढल्याचे पूर्वी कधी पाहिले नसल्याचे वॉशिंग्टनला तारेने कळवले.

दुपारनंतर तारा तुटल्या. समुद्राचे पाणी दक्षिणेकडून आणि उपसागराचे पाणी उत्तरेकडून शहरात भरत गेले. संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटांनी वायुवेगमापक उडून गेला. त्यापूर्वी त्याने दोन मिनिटांसाठी ताशी १०० मैलांचा वेग नोंदवला होता. रात्री साडेआठच्या सुमारास वायुदाब २८.४८ इंच इतका उतरला.

क्लाइन यांचे घर किनाऱ्यापासून जवळच होते. ते मजबूत मानले जात असल्याने शेजारचे लोक आश्रयाला आले आणि घरात सुमारे ५० माणसे झाली. दुपारी ३ वाजल्यापासून पाणी एका गतीने चढत होते. साडेसातच्या सुमारास, क्लाइन दारात उभे राहून प्रवाह न्याहाळत असताना, चार सेकंदांत ते सुमारे ४ फुटांनी वाढले आणि जागचे हलण्यापूर्वीच त्यांच्या कमरेच्या वर आले. घराच्या जागेची उंची ५.२ फूट होती आणि तिच्यावर १० फूट पाणी होते. त्यावरून त्यांनी त्या क्षणीची पातळी १५.२ फूट ठरवली. पुढील तासाभरात ती आणखी सुमारे ५ फुटांनी वाढल्याचा त्यांचा अंदाज होता.

त्यानंतर वाहून आलेल्या ट्राम मार्गाच्या सांगाड्याचे धक्के बसून घर कोसळले. जोसेफ यांनी दोन मोठ्या मुलींना घेऊन खिडकीतून बाहेर उडी टाकली. आयझॅक आणि सर्वांत धाकटी मुलगी ढिगाऱ्यातून वर आले. सुमारे तीन तास हे पाच जण मोडक्या लाकडांवर तरंगत राहिले आणि अखेरीस मूळ जागेपासून सुमारे ३०० यार्डांवर लागले. घरातील केवळ १८ जण वाचले. गरोदर असलेल्या कोरा क्लाइन बुडाल्या. काही आठवड्यांनंतर त्यांचा मृतदेह ढिगाऱ्याखाली सापडला. शहराच्या सुमारे ३८,००० लोकसंख्येपैकी किमान ६,००० माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक ठिकाणी ८,००० हा आकडा दिला जातो. जीवितहानीच्या दृष्टीने अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी नैसर्गिक आपत्ती आहे.

अहवाल आणि समुद्रभिंत

वादळानंतर काही दिवसांतच क्लाइन यांनी लिहिलेला विशेष अहवाल वेदर ब्यूरोच्या मंथली वेदर रिव्ह्यू या नियतकालिकाच्या सप्टेंबर १९०० च्या अंकात प्रसिद्ध झाला. पाण्याच्या पातळीच्या वेळेनुसार नोंदी, वाऱ्याच्या बदलत्या दिशा आणि पत्नीच्या मृत्यूचा उल्लेख हे सर्व त्यात एकाच संयत भाषेत आले आहे. लाटांचा जोर मोडणारी समुद्रभिंत असती तर मोठी जीवित व वित्तहानी टळली असती, असे मतही त्यांनी या अहवालात नोंदवले. पुढे १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीच्या भिंतीचा पहिला टप्पा बांधण्यात आला. भिंतीमागील शहराची जमीनही समुद्रतळाची वाळू भरून उंचावण्यात आली. ऑगस्ट १९१५ मध्ये पुन्हा मोठे वादळ आले, तेव्हा भिंतीमागील शहर बऱ्याच अंशी बचावले.

आपण घोडागाडीतून किनाऱ्यावर फिरून लोकांना सावध केले आणि त्यामुळे हजारो जीव वाचले, असे क्लाइन यांनी उतारवयात लिहिले. एरिक लार्सन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयझॅक्स स्टॉर्म या पुस्तकात या दाव्याबद्दल शंका व्यक्त केली आहे.

वादळी उधाणाचा अभ्यास

१९०१ मध्ये क्लाइन यांची न्यू ऑर्लिन्स येथे बदली झाली आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. हे शहर नदी, सरोवर आणि आखात यांच्यामध्ये सखल भागात वसलेले असल्याने पाण्याची पातळी हा तेथे रोजचाच विषय होता. २९ सप्टेंबर, १९१५ रोजी शहरावर आलेल्या वादळापूर्वी त्यांनी सखल किनाऱ्यावरील वस्त्या खाली करण्याचे इशारे दिले. या वादळात २७५ लोक मरण पावले, पण इशाऱ्यांमुळे अनेकांचे प्राण वाचल्याचे मानले जाते.

आखातात वादळ शिरले की त्याचा ठावठिकाणा लागणे त्या काळी कठीण असे. उपग्रह आणि रडार नव्हते, विमाने वादळात जात नव्हती आणि जहाजे वादळाच्या वाटेतून दूर पळत. वायुदाब आणि वारा यांची चिन्हे किनाऱ्यावर उशिरा पोहोचत. क्लाइन यांनी किनाऱ्यावरील अनेक ठिकाणच्या भरतीमापकांच्या नोंदी घेतल्या आणि त्यांतून नेहमीच्या भरती-ओहोटीचा भाग वजा केला. उरलेली वाढ वादळाच्या मार्गाशी ताडून पाहिली असता ठळक नियम आढळले. पाणी सर्वाधिक चढते ते वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूस. ही वाढ वादळ किनाऱ्यास लागण्याच्या बरीच आधी, दाब उतरण्यापूर्वीच सुरू होते. वादळाने दिशा बदलल्यास सर्वाधिक चढाची जागाही किनाऱ्याने सरकते. हे निष्कर्ष त्यांनी १९२० मध्ये मंथली वेदर रिव्ह्यूमध्ये मांडले.

१९२६ मध्ये ट्रॉपिकल सायक्लोन्स हा त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात १९०० ते १९२४ या २५ वर्षांत किनाऱ्यावर आलेल्या १६ वादळांचा वारा, पाऊस, लाटा आणि भरती यांसह अभ्यास आहे.

पाणी चढण्याचे कारण म्हणून क्लाइन यांनी वादळाच्या उजव्या भागातून पुढे येणाऱ्या लाटांवर भर दिला होता. आजचे शास्त्र मुख्य कारण म्हणून उथळ पाण्यावरील वाऱ्याच्या ओढीकडे बोट दाखवते, त्यामुळे त्यांचे स्पष्टीकरण पूर्णपणे टिकले नाही. नोंदी मात्र टिकल्या. सप्टेंबर २००८ मधील आइक चक्रीवादळाच्या वेळी गॅल्व्हेस्टनच्या परिसरात केंद्र पोहोचण्याच्या १२ ते २४ तास आधीच पाणी सुमारे २ मीटर चढले होते, तेही वारा किनाऱ्याकडे वाहत नसताना. संशोधकांनी या पूर्वोधाणाचे कारण किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांत शोधले. परिवलनामुळे असा प्रवाह उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर उजवी बाजू जमिनीची येते.

अखेरची वर्षे

मिसिसिपी नदीच्या १९२७ मधील महापुराच्या वेळीही क्लाइन यांनी पातळीचे अंदाज देण्याचे काम केले. १९३४-३५ मध्ये ते अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९३५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये कलावस्तूंचे दुकान चालवले. चित्रे आणि काशाच्या मूर्ती जमवण्याचा त्यांना जुना छंद होता. स्टॉर्म्स, फ्लड्स अँड सनशाइन हे त्यांचे आत्मचरित्र १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेतील कर्मचाऱ्यांना त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.