लोकहितवादी आणि देशाचा व्यापार

निमोण्यासारख्या खेड्यांत राहणाऱ्या आम्हांस परदेशच्या व्यापाराशीं काय कर्तव्य, असें सहज वाटतें. परंतु अंगांतील सदऱ्याचें कापड कोठें विणलें गेलें, असा विचार मनांत आला म्हणजे हा संबंध ध्यानांत येतो. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं हाच विचार पुण्याच्या एका तरुणानें मराठी वाचकांपुढें मांडला. त्यांचें नांव गोपाळ हरि देशमुख.

त्यांचा जन्म १८२३ सालीं पुण्यास झाला. वडील पेशव्यांचे सेनापति बापू गोखले यांचे फडणीस होते. पण पेशवाई १८१८ मध्येंच बुडाली होती. गोपाळराव इंग्रजी शिकून सरकारी नोकरींत शिरले आणि पुढें न्यायाधीश झाले. १८४८ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकांत ते 'लोकहितवादी' या टोपणनांवानें पत्रें लिहूं लागले. तीं १०८ पत्रें पुढें 'शतपत्रें' म्हणून प्रसिद्ध झालीं. १८४९ सालीं त्यांनीं अर्थशास्त्रावर 'लक्ष्मीज्ञान' हें पुस्तकहि लिहिलें.

आपला कापूस परदेशीं जातो, तेथें यंत्रावर त्याचें कापड होतें आणि तेंच आपण अधिक दाम देऊन घेतों. मधली मजुरी व नफा परक्यांस मिळतो आणि येथला कोष्टी उपाशी राहतो. ही गोष्ट त्यांनीं सोप्या मराठींत समजावून दिली. जाडेंभरडें असलें तरी देशी वस्त्रच वापरावें, असा त्यांचा आग्रह होता.

तथापि परक्यांस दोष देऊन ते थांबले नाहींत. पाठांतरास विद्या मानणारे, व्यापारास हलका समजणारे व समुद्र ओलांडण्यास भिणारे स्वजन, विशेषतः स्वतःच्याच ज्ञातीचे लोक, यांची त्यांनीं कठोर कानउघाडणी केली. त्याबद्दल त्यांस पुष्कळ बोल सोसावे लागले. पुढें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनींहि 'निबंधमाले'त त्यांच्यावर प्रखर टीका केली.

इंग्रजी राज्यामुळें देश शहाणा होईल, अशी त्यांची उमेद होती. पण तिनें त्यांची दृष्टि झांकली नाहीं. १८७६ सालीं त्यांनीं हिंदुस्थानास दारिद्र्य येण्याच्या कारणांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. १८९२ सालीं ते निवर्तले.

एखादी वस्तु कोठून आली, हें विचारणें सोपें आहे. ती आम्हांस येथें कां करतां येत नाहीं, हें स्वतःस विचारणें कठीण. गोपाळरावांनीं दोन्ही प्रश्न विचारले. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या आईबापांनीं त्यांतील दुसरा प्रश्न विसरूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.